तपासणीपुरता सूक्ष्मदर्शक

कपाटाला हात लावायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही. नव्या बाईंना शाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या हा नियम सांगितला गेला, तेव्हा मी त्याच कपाटात दुसऱ्या फळीवर कापडाखाली बसलो होतो. मी सूक्ष्मदर्शक बोलतोय. नियम माझ्यासाठीच होता. बावीस वर्षं तो कसोशीने पाळला गेला आणि बावीस वर्षं मी कापडाची आतली बाजू बघत राहिलो. तिथे बघण्यासारखं फारसं काही नसतं.

तसा मी चांगल्या घरचा. कारखान्यात भिंगं तपासायला एक बाई बसायची. तिने माझ्याखाली कांद्याचा पातळ पापुद्रा ठेवला, आरसा खिडकीकडे वळवला, एक डोळा मिटला आणि शेजारणीला म्हणाली, "हा चांगला निघालाय गं." मग मला पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरलं. ते कौतुक मला पुढे पुष्कळ वर्षं पुरवून पुरवून वापरावं लागलं.

शाळेत आलो तेव्हा टाळ्या वाजल्या. विज्ञानाच्या सरांनी मला भर वर्गात टेबलावर ठेवलं. नळी खाली आणताना बाजूने बघायचं असतं, हे माझ्यासोबतच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. पण पुस्तिका वाचणं सरांना कमीपणाचं वाटायचं. त्यांनी वरून डोळा लावला आणि चाकी फिरवत राहिले. कचकन काचपट्टी फुटली. वर्ग हसला. सर म्हणाले, ही मुलांच्या हाती द्यायची वस्तूच नव्हे. म्हणजे बघा, काच फोडली सरांनी आणि हात बांधले मुलांचे. पुढे ते मुख्याध्यापक झाले, सगळे त्यांना मोठे सर म्हणू लागले, आणि त्यांच्याबरोबर नियमही मोठा झाला.

पण मी अगदीच घरकोंबडा होतो असं नाही. वर्षातून चार दिवस मी फिरायचो. बसच्या एकाच रस्त्यावर आमच्यासह चार शाळा आहेत. दुसरी गिरणीजवळ, तिसरी बंदरावर, चौथी टेकडीवर. तपासणीचे साहेब एका आठवड्यात चारही शाळा बघतात. दर शाळेत सूक्ष्मदर्शक, दुर्बीण, रासायनिक तराजू आणि माणसाचा सांगाडा असायलाच हवा, असा सरकारी कागद आहे. प्रत्यक्षात आमच्याकडे मी, गिरणीकडे तराजू, बंदराकडे सांगाडा आणि टेकडीकडे दुर्बीण. मग साहेब सोमवारी एका शाळेत असले की आम्ही चौघे तिथे, मंगळवारी पुढच्या शाळेत.

मला न्यायचं काम प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंकडे. त्यांना सगळी शाळा आत्या म्हणते, आणि नव्या बाईंच्या तर त्या सख्ख्याच आत्या. आत्या मला पिशवीत घालून बसमध्ये मांडीवर घ्यायच्या आणि पोहोचल्यावर माझ्या पायावर त्या शाळेच्या नावाचा कागद डकवायच्या. एकावर एक कागद चढून माझा पाय इतका जाड झाला की मला सूज आल्यासारखी दिसते. सांगाड्याचे हाल याहून वाईट. एकदा कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं. आणि गेल्या वर्षी साहेब त्याच्यासमोर थबकले, म्हणाले, याला कुठेतरी पाहिलंय. टेकडीच्या मुख्याध्यापकांनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं की सांगाडे सगळे सारखेच दिसतात, साहेब.

एवढ्या फिरण्यात एकाही मुलाने माझ्यातून पाहिलं नाही. साहेबांनीही नाही. ते फक्त मोजायचे.

नव्या बाई आल्या आणि आठवड्यातच त्यांनी आत्याच्या कमरेची किल्ली मागितली. आत्या म्हणाल्या, अगं, मी तुझ्या नोकरीसाठी शब्द टाकलाय, निदान वर्षभर तरी गप्प बस. बाई म्हणाल्या, "आत्या, तू मला लहानपणी मुंग्या बघायला भिंग आणून दिलं होतंस. तेव्हा का नाही म्हणालीस गप्प बस?" आत्यांनी किल्ली दिली नाही, टेबलावर विसरल्यासारखी ठेवली आणि हात धुवायला गेल्या. चांगला अर्धा तास हात धूत होत्या.

कापड निघालं. पण माझ्या भिंगांवर बुरशी चढली होती. बाईंना माझ्यातून नुसतं धुकं दिसलं. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, डोळ्यांचं सांगा, हे माझ्या आवाक्यातलं नाही, तंत्रनिकेतनात जा. तिथे एक निदेशक आहेत, जाड मिशांचे. त्यांनी मला खोलून भिंगं साफ केली, चाकीला तेल दिलं आणि रागावले, यंत्राचं असं लोणचं घालतात का? त्यांच्या विद्यार्थ्यांना दुरुस्ती शिकायला जुनी यंत्रं मिळत नाहीत आणि इथे ती कपाटात कुजताहेत, हे त्यांना सहनच होईना.

बोलता बोलता दोघांनी तिथेच वेळापत्रक मांडलं. चारही यंत्रं आळीपाळीने एकेक आठवडा प्रत्येक शाळेत. देखभाल तंत्रनिकेतनातल्या मुलांची. शनिवारी चारही शाळांतली मुलं तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत एकत्र. आणि वरच्या कार्यालयात एक अर्ज करायचा, की चार शाळांना मिळून एक विज्ञान केंद्र द्या, खोली तंत्रनिकेतन देईल. अर्जावर चारही मुख्याध्यापकांच्या सह्या हव्यात.

मोठे सर म्हणाले, वस्तू फिरल्या की तुटतात. मग म्हणाले, तपासणी होऊ दे, मग बघू. बाकीच्या तिघांनीही हेच सांगितलं. "मग बघू" म्हणजे कधीच बघायचं नाही, हे मला माझ्या कपाटाने शिकवलं होतं. बाई थांबल्या नाहीत. बाकीच्या शाळांतल्या तीन शिक्षकांना हाताशी धरून त्यांनी एक फेरी करूनच टाकली.

ते चार आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात दंग्याचे. माझ्यापुढे रांगा लागल्या. एका मुलीने डबक्याचं पाणी आणलं, डोळा लावला आणि ओरडली की यात कोणीतरी धावतंय. ते पॅरामेशियम होतं. मग रांगेतल्या प्रत्येकाला ते धावताना बघायचं होतं आणि पॅरामेशियम काही थांबायला तयार नव्हतं. गिरणीच्या शाळेत मुलांनी कापसाचा धागा पाहिला, बंदरावर माशाचा खवला. टेकडीवर एका पोराने स्वतःच्या नाकातलं काहीतरी ठेवलं, त्याबद्दल मी बोलणार नाही. काचपट्ट्या फुटल्या पाच. भिंगावर एकही ओरखडा नाही, कारण बाईंनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं, नळी खाली आणताना बाजूने बघायचं.

आज रविवार. उद्यापासून तपासणी. आत्ता मी प्रयोगशाळेत टेबलावर आहे. समोर चारही मुख्याध्यापक बसलेत. नव्या बाई उभ्या आहेत, आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. आत्यांचा गुडघा धरलाय, त्यामुळे यंदा मला घेऊन फिरायचं काम नव्या बाईंवर आलंय. टेबलावर चार शाळांच्या नावांचे चार ताजे कागद आहेत आणि डिंकाची बाटली. मोठ्या सरांच्या हातात आणखी एक कागद आहे, बाईंना नोकरीत कायम करण्याचा. त्यावर त्यांची सही व्हायची आहे, आणि तो त्यांनी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा धरलाय.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत असं एखादं कपाट असेल तर किल्ली विचारा. आत माझ्यासारखा कोणीतरी कापड बघत बसलेला असेल. माझं एवढंच मागणं. आता मला गप्प बसून ऐकू द्या.

मोठे सर समजावणीच्या सुरात सांगताहेत की बाई, तुमचा उत्साह आम्हाला कळतो, पण चार शाळांत एकच यंत्र आहे हे बाहेर आलं तर चारही शाळांची नाचक्की होईल. वडीलधारे सांगतात त्यामागे काही विचार असतो. चार दिवस कागद डकवा, मग तुमच्या अर्जाचं बघू.

"अर्जाचं काय बघणार, सर?" बाई म्हणाल्या. "आपल्याकडे चार सूक्ष्मदर्शक आहेत असं आपण बावीस वर्षं लिहून देतोय. चार दुर्बिणी, चार तराजू, चार सांगाडे. मग वरचे लोक आपल्याला आणखी कशाला देतील?"

गिरणीच्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आत्या हळूच म्हणाल्या, "पोरी, आधी तुझा कागद होऊ दे."

"नाही आत्या. नाही सर, मी हे डकवणार नाही. उद्या साहेबांना मी सांगणार, सूक्ष्मदर्शक एकच आहे, चारही शाळांचा आहे, आणि मुलं त्यातून रोज बघतात. माझ्या कागदावर सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

मोठ्या सरांनी बंदराच्या सरांकडे पाहिलं, बंदराच्या सरांनी टेकडीच्या सरांकडे. आता हिला कोणीतरी दोन शब्द सुनावावेत, असं प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आत्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.