साक्षीच्या पिंजऱ्याचा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. डुलणारा. मित्रांनो, घोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मोकळं मैदान आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर भेटीची खोली आहे, तिथल्या चटईवर मी उभा असतो. आईबाबा भांडून वेगळे झाले, की मूल ज्याच्यापासून दुरावलं त्याला ठरलेल्या दिवशी इथे भेटतं. खोलीला दोन दारं आहेत. एक आईसाठी, दुसरं बाबासाठी, म्हणजे त्यांची टक्कर व्हायला नको. टक्कर व्हायची ती मुलाच्या डोक्यात होतेच.

माझा जन्मही याच इमारतीतला. खालच्या मजल्यावर साक्षीदाराचा एक पिंजरा होता. तो मोडीत निघाला तेव्हा चांगलं सागवान वाया जाऊ नये म्हणून कोर्टातल्या सुतारकाकांनी त्यातून मला घडवलं. त्या लाकडाने इतक्या शपथा ऐकल्या होत्या, की खोटं मला लगेच कळतं. हा गुण घोड्याच्या काही कामाचा नाही, पण इथे रोज उपयोगी पडतो.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मुलांनी माझी आयाळ ओढली, एकाने उजवा कान मोडला. समुपदेशक ताई, म्हणजे या खोलीच्या सर्वेसर्वा, सगळ्यांना सांगायच्या, की या घोड्याने माझं निम्मं काम हलकं केलंय. मी फुशारून गेलो.

मग खारूताई आली. वय सात. गालात बिस्किटं साठवते म्हणून बाबाने तिचं हे नाव ठेवलेलं. पहिल्या शनिवारी ती माझ्यावर बसली आणि तिने बाबाला हुकूम सोडला, "अजून जोरात." बाबाने इतकं डुलवलं, की हसता हसता तिच्या तोंडातला सगळा चुरा माझ्या मानेवर उडाला.

तेवढंच सुख. आईच्या दाराबाहेर एक बाक आहे आणि भिंत पातळ आहे. भेट संपली, की आई लेकीला एकच प्रश्न विचारायची: हसलीस का? खारूताई हो म्हणाली, की आईचा अबोला सुरू. जिना उतरेपर्यंत खारूताईच काहीबाही बोलत राहायची, आईचा शब्द नाही. मारणं नाही, ओरडणं नाही. सात वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं. बघता बघता ती हसायची बंद झाली. मग ती पाठ केलेली वाक्यं आणू लागली. "तुम्ही आम्हाला मानसिक त्रास दिलात," ती बाबाला म्हणाली. आता मला सांगा, गालात बिस्किट असलेलं मूल 'मानसिक त्रास' म्हणतं का हो?

बरं, यावर बाबाने काय करावं? गप मला डुलवावं, की नाही? छे! या गृहस्थाने खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो पोरीच्या तोंडासमोर धरला. "कोणी शिकवलं हे? आईनेच ना? खोटारडी आहे तुझी आई." एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. कपाळावर हात मारावा म्हटलं तर मला हातही नाहीत. आणि दोघंही ताईंना सांगणार, आम्ही हे सगळं पोरीसाठीच करतोय.

खारूताई माझ्या मानेला बिलगली. मोडक्या कानाशी तोंड आणून पुटपुटली, "मला बाबाची आठवण येते, हे आईला सांगू नकोस. आणि मला आई आवडते, हे बाबाला सांगू नकोस." तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिचे आईबाबा नाही. मग ती उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "ताई, मला इथे परत यायचं नाही." इतकं खोटं मी त्या पिंजऱ्यातही ऐकलं नव्हतं.

ताई माझ्यामागेच ठोकळे गोळा करत होत्या. त्यांनी खारूताईला सुतारकाकांकडे रंधा बघायला पाठवलं आणि आईबाबांना दोन्ही दारांतून आत बोलावलं.

"ती घोड्याशी काय बोलली ते मी सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "पण भेटीनंतर तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. आणि बाबांनी फोन बाहेर ठेवायचा. ती तुमची साक्षीदार नाहीये."

दोघांनी लगेच एकमेकांकडे बोट दाखवलं. मला इतका वैताग आला! सुतारकाकांनी पिंजऱ्याचा घोडा केला होता, आणि या दोघांनी घोड्याचा पुन्हा पिंजरा केला.

पुढच्या शनिवारी खारूताई दारातच थांबली. "आई, हसले तर चालेल?"

आईने तिचा धरलेला हात सोडला. "चालेल," ती म्हणाली. शब्द खोटा नव्हता. मला कळतं ते. पलीकडच्या दारात बाबाने फोन ताईंच्या हातात दिला. खारूताई माझ्यावर बसली, आईच्या दाराकडे तोंड करून. बाबाला म्हणाली, "हळू."

मित्रांनो, सुतारकाका माझा कान बसवून देतो म्हणतात. मला तो नकोय. मोडक्या कानाचा घोडा कुणाची चहाडी करणार नाही, असं मुलांना वाटतं. पण मुलांचं ऐकण्याचं हे काम खरं तर माझं नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, भांडाल, वेगळेही व्हाल. व्हा बापडे. पण आपल्या लेकराला लाकडी घोड्याच्या कानात बोलायची वेळ आणू नका. तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत.