एकटे न येणारे शब्द

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत एदेल्मिराबाई कॉफीत साखर घालत नसत. बावीस वर्षांचा नेम. आणि तितकीच वर्षं मोंपोस गावच्या शाळेत सहावीला एकटे न येणारे शब्द त्याच शिकवत. किराणा, लग्नविधी, उत्तरक्रिया, काळोख. तिथल्या भाषेत या शब्दांना एकवचनच नाही. येतील तेव्हा घोळक्यानं येतील. मत्सरही त्याच यादीतला. तो बाई फळ्यावर लिहीत आणि लगेच पुसत.

यंदा मुलं कमी झाली होती. सहावीच्या दोन तुकड्यांची एकच होणार होती. ती एदेल्मिराबाईंकडे ठेवायची की जानेवारीत बारांकिया शहरातून आलेल्या नव्या शिक्षिकेकडे, यादिराकडे द्यायची, हे मोठ्या बाई दोघींचा या शब्दांवरचा पाठ ऐकून ठरवणार होत्या.

भिंतीपलीकडून यादिराच्या वर्गातलं हसू ऐकू यायचं. तिनं मुलांना बाजारात ‘एकच किराणा’ मागायला पाठवलं, तर दुकानदारानं म्हणे हातावर तांदळाचा एक दाणा ठेवला. इकडे एदेल्मिराबाईंची मुलं यादी घोकायची आणि कान भिंतीला.  बाईंच्या जपमाळेचे मणी पुढे सरकत, मन मात्र भिंतीपलीकडेच.

पाठाच्या आदल्या दिवशी यादिरा आली.

“बाई, पवित्र आठवड्यात चर्चमध्ये मेणबत्त्या विझवतात ना, तसंच करणार आहे मी वर्गात. एकेक विझवायची आणि विचारायचं, आता काळोख किती झाले? पंधरा असतात ना?”

“पंधराच.”

“एकेक करून?”

“एकेक करून.”

“तुमच्यासारखं माहीतगार माणूस शेजारी आहे, नशीबच माझं.”

पंधरावी विझवत नाहीत. ती येशूची; वेदीमागे लपवतात आणि शेवटी परत आणतात. मोंपोसचं शेंबडं पोरही हे सांगेल, आणि मोठ्या बाई तर इथल्याच. एदेल्मिराबाई खोटं काही बोलल्या नव्हत्या. घरी जाऊन त्यांनी माळ ओढली, त्या दिवशी दोनदा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाठ सकाळीच बिनचूक झाला. मग त्या मोठ्या बाईंशेजारी यादिराच्या वर्गात मागे बसल्या. खिडक्या बंद, युका कंदाच्या तुकड्यांत खोचलेल्या मेणबत्त्या.

“किती झाले रे?”

“दहा, बाई.”

“दहा? हात लावून मोजलेस वाटतं?”

वर्ग खिदळला.

चौदावी विझली. यादिरा शेवटचीवर वाकली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं श्वास रोखला, मोठ्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. आता एक फुंकर, की सहावी आपली. हा आनंद एदेल्मिराबाईंच्या जिभेवर साखरेसारखा विरघळला, आणि त्या चवीनंच त्या दचकल्या.

“ती नाही विझवायची,” त्या उठून म्हणाल्या. मेणबत्ती त्यांनी फळ्यामागे नेली. वर्ग अंधारला. परत आणली तेव्हा मुलं आपसूक उभी राहिली.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई म्हणाल्या, “सहावी यादिराकडे. तुम्ही चौथी घ्या. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाटेल हो. पण घेईन.”

यादिरानं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“बाई, काल का नाही सांगितलंत?”

“काल मला तू चुकायला हवी होतीस.”

“आणि आज?”

“आजही हवी होतीस,” एदेल्मिराबाई हळूच म्हणाल्या आणि चौथीचं हजेरीपुस्तक आणायला कचेरीत गेल्या.