मुर्शुदच्या घरचा चहा

चहा कधी खोटं बोलत नाही, असं माझे काका छातीठोकपणे सांगत. तीन घरांनी त्यांना बिनसाखरेचा चहा पाजून वाटेला लावलं होतं. चौथ्या घरी गोड मिळाला, पण तिथे साखरपुडा दुसऱ्याच कुणाचा तरी चालला होता. काका घर चुकले होते.

आमच्या शेकी गावात मुलीला मागणी घालायला गेलं की तोंडाने कुणी हो-नाही म्हणत नाही. चहा गोड आला तर होकार, नाही तर टोप्या घालून निघायचं. म्हणून भाच्यासाठी, एल्शादसाठी, मी आणि त्याची आई, म्हणजे माझी बहीण सुरैया, मुर्शुदच्या घरी बसलो होतो आणि हवामानावर बोलत होतो. पोरगा तिकडे घरी सकाळपासून जेवला नव्हता.

मुर्शुदची मुलगी तेरलान दोन पेले ठेवून आत गेली. मी घोट घेतला. गोड! सुरैयाकडे पाहून डोळे मिचकावले. तिचा चेहरा पडला होता.

"दादा, उठा," ती कुजबुजली. "नकार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? पाकासारखा गोड आहे."

"मग माझा पिऊन बघा."

पिऊन पाहिला. साखरेचा कण नाही.

"म्हणजे मामा पसंत, सासू नापसंत," सुरैया म्हणाली. "मला वाटलंच होतं. हा मुर्शुद दारापासूनच फार गोड हसत होता."

आम्ही पेले बदलतोय हे मुर्शुदने पाहिलं. त्याच्या मिशा थरथरल्या.

"झुल्फुगारभाऊ, आमच्या चहात विष आहे का, की चाखून बघताय?"

"विष नाही. साखर शोधतोय."

"माझ्या घरी येऊन माझ्यावर संशय?" मुर्शुद उभा राहिला. मीही उभा राहिलो. एल्शादचा संसार उभ्याउभ्या मोडत होता.

तेवढ्यात तेरलान धावत आली.

"बाबा, बसा! सुरैयाखाला, मी तुमच्या चहात साखर मुद्दाम नाही घातली. परवा बाजारात तुम्हीच आईला सांगत होतात, तुमची साखर वाढलीये, डॉक्टरांनी बंद केलीये. घरी आलेल्या पाहुण्याला आजारी कसं पाडू?"

मुर्शुद बसला. मीही बसलो. सुरैयाने मुलीकडे बराच वेळ रोखून पाहिलं, मग पेला पुढे केला.

"अर्धा चमचा घाल गं. आणि डॉक्टरला सांगू नकोस."