गाव दुभंगणारी रेघ

योगिनी आयर्लंडमधल्या ॲथलोन शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत नकाशांचं काम करायची. इंग्लंडमधल्या एका स्वयंसेवी गटाने तिला विचारलं होतं, ईशान्य इंग्लंडमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची निवडणूक पद्धत आली तर मतदारसंघ कसे होतील? आयर्लंडमध्ये तशीच पद्धत. एका मोठ्या मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. तिने शेजारशेजारचे मतदारसंघ जोडले, प्रत्येकाला पाच खासदार दिले, मतदारांचे आकडे जुळवले. गटाने नकाशा वेबसाइटवर टाकला आणि खाली तिचं नाव.

आठवड्याभराने, ती घरून काम करत असताना, मैत्रीण मेधाचा मेसेज आला, सोबत एक व्हिडिओ. "योगिनी, हे तुझंच घर ना गं?"

व्हिडिओत इंग्लंडमधला एक माणूस संतापून बोलत होता. आमच्या गावाचे दोन तुकडे करणारी ही बाई कोण? मग तिचा फोटो आला, आणि मग तिच्या घराचं दार, नंबरासकट.

नवरा प्रताप हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होता, फोन उचलेना. मुलगी स्वरांगी शाळेतून सुटायची वेळ झाली होती. शाळा दहा मिनिटांवर, तरी चालत जायची हिंमत होईना. तिने गाडी काढली.

स्वरांगीला घेऊन परत येताना घरासमोर पांढरी व्हॅन दिसली. एक माणूस फोन उंच धरून दाराचं शूटिंग करत होता.

"आई, हू'ज युवर मॅन?" स्वरांगीने त्या माणसाकडे बोट दाखवत, तो कोण म्हणून, शाळेतल्या आयरिश धाटणीत विचारलं.

"कोणी नाही. खाली वाक. सीटच्या खाली."

"बट व्हाय?"

"वाक म्हटलं ना!"

गाडी न थांबवता ती थेट गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या तरुण पोलीस बाईने शांतपणे सगळं लिहून घेतलं, आणि त्यांना घरापर्यंत सोडायला स्वतः आली. व्हॅन निघून गेली होती. दाराच्या फटीतून आत सरकवलेला एक कागद मात्र पडला होता.

तिच्याच नकाशाची प्रिंट. एका गावाभोवती लाल पेनाने गोल. बाकी एक अक्षरही नाही.

पोलीस बाई गेल्यावर तिने लॅपटॉपवर ते गाव मोठं करून पाहिलं. तिची रेघ बाजाराच्या रस्त्यावरून गेली होती. अलीकडचे एका मतदारसंघात, पलीकडचे दुसऱ्यात. आकडा जुळवण्याच्या नादात तिने गाव पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी प्रताप आला. "सोड ते काम. नाव काढायला सांग त्यांना."

"नाव काढायला सांगते. पण रेघ चुकलीय रे."

"म्हणजे कोणीतरी घरी येऊन धमकावणार, आणि तू त्याचंच ऐकणार?"

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. तिने रेघ गावाबाहेर, नदीपर्यंत सरकवली. पूर्ण गाव ज्या मतदारसंघात आलं, तिथे मतदार थोडे जास्त झाले, पण चालण्यासारखं होतं. नवा नकाशा तिने गटाला पाठवला. आपण चूक सुधारली की घाबरून माघार घेतली, हे तिचं तिलाच कळेना.

व्हॅनचा तपास लागला नाही. तीन आठवडे झाले. सुधारलेला नकाशा वेबसाइटवर आहे, खाली कुणाचंच नाव नाही. दारावर कुणी आलं, की योगिनी आधी वरच्या खिडकीतून पाहते आणि स्वरांगीला मागच्या खोलीत पाठवते.