लाट फुटत नाही ती जागा

डोंबिवलीतल्या माणसाने सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये पंचवीस लॅप मारले, की समुद्रही आपल्याच सोसायटीने बांधून घेतलाय असं त्याला वाटायला लागतं. आमचे सेक्रेटरी हरिहरराव त्यातलेच. कॉलेजात मिळालेलं पोहण्याचं मेडल अजून शोकेसमध्ये! यंदा पिकनिकच्या मीटिंगमध्ये टी-शर्टचा रंग ठरवायला दोन तास गेले. किनाऱ्यावर जीवरक्षक असतो का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

रायगडातल्या त्या किनाऱ्यावर जीवरक्षक नव्हताच. 'पोहू नये' अशी लाल पाटी होती, तिच्यावर आमच्या मंडळींनी टॉवेल टाकले.

हरिहररावांनी कमरेवर हात ठेवून पाण्याची पाहणी केली. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या. मधला एक पट्टा मात्र गढूळ, पण गुळगुळीत आणि शांत होता.

"श्रिया, इकडे ये गं. इथे लाटा नाहीत, एकदम सेफ आहे," त्यांनी चौदा वर्षांच्या लेकीला हाक मारली.

बसचा ड्रायव्हर महिपत पुढे आला. हा दिवा गावचा, खाडीत जाळी टाकणाऱ्या घरातला.

"सायेब, तिथं नको. लाट फुटत नाय, तिथूनच पाणी परत भायेर जातंय. ओढ हाय ती."

"तू बस सांभाळ रे. मी कॉलेजचा चॅम्पियन आहे."

"पूलमधले चॅम्पियन, सायेब. पूल कुठं जात नाय."

चारचौघं हसली, तीही महिपतलाच. हरिहरराव लेकीला घेऊन पाण्यात उतरले.

"बाबा, पायाला वाळू लागत नाहीये," श्रिया म्हणाली, तोवर दोघं बरीच आत ओढली गेली होती. हरिहररावांनी तिचा दंड धरला आणि सरळ किनाऱ्याकडे पोहायला सुरुवात केली. हात मारून मारून खांदे भरून आले, तरी किनाऱ्यावरचे पिवळे टी-शर्ट लहानच होत चालले. श्रियाच्या नाकातोंडात पाणी जाऊ लागलं. चॅम्पियनचा दम संपला.

किनाऱ्यावर दोघं मोबाइलवर शूटिंग करत होते. बाकीचे शूरवीर हातात हात घालून साखळीने बुडायला निघाले होते. महिपतने शिव्या घालून त्यांना मागे हटवलं. त्याने पाण्याचा वीस लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून उचलला आणि बाजूला, लाटा फुटत होत्या तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो हातवारे करत ओरडला, "किनाऱ्याकडं नको! आडवा पोह! पोरीला उताणी कर!"

हरिहररावांनी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरचं ऐकलं. श्रियाला उताणं तरंगत ठेवलं, किनाऱ्याचा नाद सोडला आणि किनाऱ्याला समांतर हळूहळू पोहत राहिले. ओढ सुटली. मग लाटांनीच दोघांना पुढे ढकललं आणि महिपतने कॅन श्रियाच्या छातीखाली सरकवून तिला काठावर आणलं.

परतताना शीळफाट्याला बस अडकली. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज झळकला, 'हरिहरकाका, वाघ आहात! लेकीला मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलंत.' त्याखाली सत्तेचाळीस अंगठे. हरिहररावांनी 'थँक यू' टाइपही केलं.

शेजारी टॉवेलात गुंडाळून बसलेली श्रिया ते बघत होती. "बाबा," ती हळूच म्हणाली, "मला तिथे तूच बोलावलंस ना?"

त्यांनी 'थँक यू' खोडलं. त्याजागी लिहिलं, 'मी तिला वाचवलं नाही. मी तिला बुडवायला नेलं होतं. महिपतने आधीच सांगितलं होतं, मी ते हसण्यावारी नेलं. वाचवलं त्याने.'

त्या मेसेजला एकही अंगठा आला नाही.

तेव्हा सुज्ञ नागरिकांनो, एवढं लक्षात ठेवा. दोन लाटांमधला शांत पट्टा मुलांना खेळवायची जागा नव्हे. जीवरक्षक नसेल तर पाण्यात उतरू नका, काठावर बसून भजी खा. ओढीत सापडलातच तर तिच्याशी भांडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि आडवे पोहत बाहेर पडा. आणि पाण्याकाठी वाढलेला माणूस 'नको' म्हणाला, तर त्याच्या कपड्यांकडे न बघता मागे फिरा. श्रियाला दुसरी संधी मिळाली, ती काही तिच्या बापाच्या मेडलमुळे नाही.