वीतभर खाली अडलेले गिरमिट

मित्रांनो, समोरच्या भिंतीवर खुंटीला जे लांबलचक, पिळदार लोखंड टांगलेले दिसते ना, ते मी. सुताराकडे लाकडाला भोक पाडणारे गिरमिट असते, ते माझे धाकटे भावंड. मी जमिनीला भोक पाडते आणि तिच्या पोटातली माती पिळात धरून वर आणते. आता मी जुने झाले आहे. पाते झिजले आहे, लाकडी मुठीला एक चीर गेली आहे. पण गुलाबदेवींच्या या घरी पाहुणा आला की आधी त्याला पाणी देतात आणि मग मला दाखवतात. आता तुम्हीच सांगा, मी नाक वर का करू नये?

माझा जन्म जयपुरातला. सोडाल्याजवळच्या रेल्वे क्वार्टरात पंढरीनाथ आणि भीमाबाई हे मूर्तिजापूरकडचे जोडपे राहत असे. पंढरीनाथ रेल्वेच्या कारखान्यात लोहारकाम करत. त्यांची मुलगी गौतमी शेतकी शिकून एका संस्थेत लागली होती. जिथे पीक कमी येते, त्या गावांत जाऊन ते वाढवायचे, हे तिचे काम. माती तपासायला तिला जे गिरमिट मिळाले होते, त्याचे वेल्डिंग पहिल्याच दिवशी सुटले. दोन तुकडे हातात घेऊन पोरगी घरी आली.

पंढरीनाथांनी तुकडे उलटेपालटे करून पाहिले. "याले लोखंड म्हणतेत का? आण इकडे. मी बनवून देतो तुले."

ट्रकच्या स्प्रिंगचा एक जुना पाटा त्यांनी भंगारातून शोधून आणला. रस्त्याकडेला गाडिया लोहारांची, म्हणजे बैलगाड्यांतून फिरणाऱ्या लोहारांची, भट्टी होती, तिथे सुटीच्या दिवशी माझा अवतार झाला. भट्टीवाली बाई घण घालत होती आणि पंढरीनाथ सांडशीत धरून मला फिरवत होते. लालभडक असताना त्यांनी मला असा काही पीळ दिला की आजही तो सुटलेला नाही. मग पाण्यात बुडवले. अंगाची वाफ झाली, पण पोलाद झाले.

आता मूठ हवी होती. पंढरीनाथांचा डोळा स्वयंपाकघरातल्या मुसळावर गेला. ते भीमाबाईंनी माहेराहून आणलेले.

"मुसळ कायले कापता? तिखट कशानं कांडू मी?"

"मिक्सर हाय ना घरात."

"मिक्सर हाय म्हणून माह्या मायचं मुसळ कापता? वा रे वा!"

मुसळ शेवटी कापले गेलेच. पण संध्याकाळी भीमाबाईंनीच मूठ मांडीवर घेऊन तिला जवसाचे तेल चोळले. चोळता चोळता मला म्हणाल्या, "पोरीचं नाव राख बाप्पा." तो शब्द मी पिळात बांधून ठेवला.

शहराच्या टोकाच्या जगतपुऱ्याच्या इमारती मागे टाकून तासभर गेले की थळीवास नावाचे गाव लागते. संस्थेने गौतमीला तिथे पाठवले. बाजरी आणि मोहरी, ही तिथली पिके. गुलाबदेवी लग्न होऊन आल्या तेव्हा इथली मोहरी बाईच्या डोक्यावरून जात असे. आता ती कमरेशीच थांबत होती. बियाणे महागातले, खत भरपूर, तरी पीक वर्षागणिक खाली चालले होते. गाव म्हणे, जमीन थकली.

गुलाबदेवींचा मुलगा सुरज्ञान याच्याकडे ट्रॅक्टर होता. स्वतःचे शेत तर तो नांगरायचाच, पण निम्म्या गावाची नांगरट त्याच्याच ट्रॅक्टरने व्हायची. शहर सरकत सरकत जवळ आले होते आणि प्लॉट पाडणारे एक गृहस्थ त्याच्याकडे खेपा घालू लागले होते. सुरज्ञानने आईला सांगून टाकले होते की येती होळी सोडून त्यापुढच्या होळीपर्यंत थांबतो. मोहरी नीट आली तर शेत राहील, नाही आली तर कॉलनी होईल. गुलाबदेवींनी गौतमीला पहिल्याच दिवशी हे सांगितले. त्या ढूंढाडी ही जयपूरकडची बोली बोलतात. मी लोखंड असल्यामुळे मला सगळ्या भाषा सारख्याच. तुमच्यासाठी मराठीत सांगते.

"बाईसा, माझी डोली याच बांधावर उतरली होती. इथे कोणाचे तरी बाथरूम झालेले मला बघवणार नाही."

गौतमीने मोहरीच्या दोन ओळींमध्ये मला टेकवले आणि मूठ फिरवली. मी झोकात निघाले. वीतभर गेले आणि अडले! तिने अंगाचे वजन टाकले, तरी मी जागच्या जागी फिरत राहिले. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणी तेच. शेजारच्या शेतात गेलो, तिथेही तेच. लोक म्हणाले, "खाली कंकर आहे, काही जाणार नाही." सुरज्ञान मात्र हसला. "मॅडमजी, तुमचे औजार बोथट आहे. याने तर लोणीही कापले जाणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, कंकर असते तर माझ्या पिळात एखादा खडा नको का यायला? एकदाही आला नव्हता. पण गिरमिटाला कोण विचारतो! गौतमी बिचारी नवीन होती. सगळे गाव एका सुरात कंकर म्हणते आहे म्हटल्यावर तिलाही ते पटले. वरवरची वीतभर माती तेवढी तिने तपासायला पाठवली आणि त्या मातीत नाव ठेवण्यासारखे काहीच निघाले नाही.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, हे अंदर जातच नाही. मतलब, कंकर असेल, नाहीतर याची धार गेली असेल."

पंढरीनाथांनी कानस काढली आणि मला धार लावली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा अडले. त्यांनी पुन्हा धार लावली, मी पुन्हा अडले. गावात आता माझ्यावरून विनोद होऊ लागले. खरे सांगते, त्या दिवसांत मला वाटे, मी भंगारातला पाटा होते तेच बरे होते. पंढरीनाथांना तर जेवण गोड लागेना.

"माह्या हातचं लोखंड बोथट? मीच येतो पाहाले."

रविवारी ते आणि भीमाबाई गौतमीबरोबर डबा घेऊन थळीवासला आले. पंढरीनाथ हट्टाला पेटले होते. त्यांनी शेताच्या मध्यावर मला रोवले, मी अडले. कडेला सरकले, मी अडले. घामाने सदरा भिजला. भीमाबाईंना दया आली. "आता पुरे करा जी. चला, चार घास खाऊन घ्या."

शेताच्या एका अंगाला मोठी खेजडी, म्हणजे आपली शमी, आहे. तिच्या सावलीत त्यांनी डबा उघडला. खेजडीभोवतीची मोहरी नेहमीच उंच असायची. गावाला त्याचे नवल नव्हते. खेजडीची माया आहे, असे सगळे म्हणत. पंढरीनाथांचा राग अजून उतरला नव्हता. भाकरी हातातच होती, दुसऱ्या हाताने त्यांनी मला तिथेच टेकवले आणि सहज एक वेढा दिला.

आणि मित्रांनो, मी गेले! वीत गेली, दोन विती गेल्या, मी जातच राहिले. त्यांनी भाकरी टाकून दोन्ही हात लावले. शेवटी मूठ जमिनीला टेकली तेव्हा ते उभे राहून ओरडले, "गौतमी! ये, पाह्य! कोन म्हणते याले बोथट?"

सगळे धावत आले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले म्हणा ना! गुलाबदेवींनी तर मला नमस्कार केला. पण गौतमी नमस्कार करत नव्हती की हसत नव्हती. ती एकदा खेजडीकडे बघे, एकदा शेताकडे.

"बाबा, थांबा. इथे जातं आणि तिथे नाही जात. मतलब, याची धार ठीक आहे." मग तिने सुरज्ञानला विचारले, "भैया, या झाडाखाली ट्रॅक्टर येतो?"

"इथे कसा येणार? फांद्या खाली आल्या आहेत."

"आणखी कुठे येत नाही?"

सुरज्ञानने पलीकडचा चिंचोळा कोपरा दाखवला. तिथे ट्रॅक्टर वळत नसे. झाडही नव्हते. गौतमीने मला तिथे नेले आणि मी तिथेही सरळ खाली उतरले. मग तिने शेताच्या मधोमध फावड्याने खड्डा घेतला आणि मोहरीचे एक झाड मुळासकट मोकळे केले. मोहरीचे मूळ कसे हवे? सरळ खाली. हे मूळ वीतभर सरळ गेले होते आणि तिथून काटकोनात आडवे वळले होते. जिथे मी अडत होते, तिथेच तेही अडले होते.

वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फाळ फिरवला आणि वरून ट्रॅक्टरचे वजन पडत राहिले, की फाळाच्या खालची माती दबून बसते. चोपून चोपून अंगण बसते तशी. पाणी त्यातून खाली जात नाही आणि मूळही जात नाही. जमीन थकलेली नव्हती, तिचे दार लागले होते. कंकर तर नव्हताच.

सुरज्ञानने ते वाकडे मूळ हातात घेतले. "म्हणजे हे मी केले," तो म्हणाला. "सगळ्या गावाचे."

गुलाबदेवी त्याच्याजवळ बसल्या. "तुला ज्यांनी शिकवले तसे केलेस. आता ही सांगते तसे कर."

उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना गौतमीने संस्थेकडून खोल जाणारा, एका दाताचा नांगर मिळवला. गावात कुजबुज सुरू झाली. हे दार उघडले तर पावसाचे पाणी पाताळात जाईल, मग नुसत्या विहिरीच्या पाण्यावर पिकाचे काय भागणार? म्हातारी मंडळी समजवायला आली. गुलाबदेवींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अर्धे शेत तुमच्या मनासारखे राहू दे, अर्धे या पोरीच्या."

सुरज्ञानने ट्रॅक्टर घातला. नांगराच्या पहिल्या तासाला इंजिन असे घुरघुरले की बंद पडते की काय असे वाटले. नांगर पुढे सरकला तसे गौतमी त्याच्या मागे मला रोवत गेली आणि मी खाली उतरत गेले. चौमासा आला. जुन्या अर्ध्यात पाण्याची डबकी साचून राहिली आणि उन्हाने वर उडून गेली. नव्या अर्ध्याने पाणी पिऊन टाकले. गाव म्हणाले, बघा, गेले पाताळात!  गुलाबदेवी रोज सकाळी मला घेऊन शेतात जात, माती वर काढत आणि मुठीत दाबून बघत. ओल तिथेच होती, हातभर खाली, मुळांची वाट बघत.

कडाक्याच्या थंडीत विहीर आटली तेव्हा खरी परीक्षा झाली. जुन्या अर्ध्यातली मोहरी दुपारी माना टाकू लागली. नवी मात्र पिवळी धमक उभी होती. गुलाबदेवी तिच्यात शिरल्या तर नुसती ओढणी दिसे, मग तीही दिसेनाशी झाली. मळणी दोन्हीकडची वेगळी केली. नव्या अर्ध्याने जुन्याच्या दीडपट मोहरी दिली. होळीच्या आदल्या दिवशी प्लॉटवाले गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन आले. सुरज्ञानने त्यांना खाटेवर बसवले, चहा दिला आणि म्हणाला, "भाईसाहब, तुमची मिठाई तुम्हीच खा. शेत आमचे आम्हाला पुरत नाही."

त्यानंतर माझे दिवस आले. गाव माझ्यामागे लागले. सरपंचांनी मला झेंडूचा हार घातला. शेजारच्या गावांतून बोलावणी येत. भीमाबाई क्वार्टरातल्या बायकांना सांगत, "ते मुसळ माह्या मायचं हाय बरं का!"

पण कौतुकाचे दिवस कोणाचे टिकतात? पुढे गौतमीला जमिनीचा कडकपणा आकड्यात दाखवणारे, काटा असलेले नवे यंत्र मिळाले. ती दुसऱ्या भागात गेली. जाताना तिने मला गुलाबदेवींकडे ठेवले. पिके चांगली येत होती, त्यामुळे माझी आठवण कोणाला होईना. आधी मी कोपऱ्यात गेले, मग गोठ्यात. शेवटी एक दिवस सुरज्ञानने मला अंगणात ठोकले आणि बकरी बांधली. होय, बकरी! ती माझी मूठही चावत असे. पात्यावर गंज चढला.

पंढरीनाथ निवृत्त झाले. मूर्तिजापूरला परत जाण्याआधी नवराबायको गौतमीसह निरोप घ्यायला थळीवासला आले आणि अंगणात पाय ठेवताच त्यांनी मला पाहिले.  पंढरीनाथांनी बकरी सोडली, मला उपटले आणि ओट्यावर बसून विटेच्या तुकड्याने गंज घासायला घेतला.  भीमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "घेऊन चला याले घरी. इथं कोनाले गरज हाय?"

सुरज्ञान मान खाली घालून उभा होता. तो पुढे आला आणि त्याने पंढरीनाथांच्या हातून मला हळूच घेतले. "बाबाजी, एकदा शेतात चला."

खोल नांगरून तीन-चार वर्षे झाली होती. मधल्या काळात तोच ट्रॅक्टर आणि तोच फाळ फिरत होता. सुरज्ञानने शेताच्या मध्यावर मला टेकवले आणि मूठ फिरवली. मी वीतभर गेले, आणखी चार बोटे गेले आणि अडले.

 माझा जीव टांगणीला लागला. आता हा पुन्हा हसणार, पुन्हा तेच म्हणणार, आणि तेही पंढरीनाथांच्या देखत!

सुरज्ञान गुडघ्यावर बसला. त्याने माझ्या पिळातली माती काढून बोटांनी चुरली. मग पंढरीनाथांकडे वर बघून म्हणाला, "बाबाजी, गिरमिट ठीक आहे. माझीच जमीन पुन्हा बंद होते आहे. हे नेऊ नका."

पंढरीनाथांनी माझ्या मुठीवरून एकदा हात फिरवला आणि मला त्याच्याच हातात राहू दिले. त्याच संध्याकाळी ही खुंटी भिंतीत ठोकली गेली आणि त्या उन्हाळ्यात शेतात पुन्हा खोल नांगर आला.

मित्रांनो, मला हार नको, काचेचे कपाटही नको. वर्षातून एकदा अंगाला तेल लावा आणि नांगर धरण्याआधी मला जमिनीत उतरवून बघा. मी सरळ खाली गेले तर आनंद माना. आणि मी अडले, तर मला बोथट म्हणण्याआधी गुडघ्यावर बसून माती हातात घ्या.