स्पर्धेआधीची खरखर

स्पर्धा उद्या पहाटे साडेपाचला सुरू होणार होती, आणि आज शुक्रवारची दुपार आली तरी कल्पिताच्या हेडफोनमधली खरखर काही जाईना. मंगळवारपासून हेच चाललं होतं. हॅम रेडिओच्या स्पर्धेत जितक्या देशांतल्या हौशी लोकांशी बोलाल तितके गुण. पण समोरचा ऐकूच आला नाही तर बोलणार कोणाशी? सर्वेशच्या वेळी दिवस गेले तेव्हापासून सेट कपाटात होता. ही संधीही हुकली तर तो पुन्हा बाहेर निघायचा नाही, हे तिला आतून कळत होतं.

नवरा, दिपेश, गच्चीवरून घामाघूम होऊन उतरला. अँटेनाची तार त्याने तिसऱ्यांदा सोडून बांधली होती.

"गेली?"

"नाही रे. आहे तशीच."

"मग तो वरच्या देवेशचा नवा इन्व्हर्टरच. जातो आणि सांगतो, दोन दिवस बंद ठेव."

"अरे, सोसायटीचा सेक्रेटरी आहे तो! महिनाभर मागे लागून तारेची परवानगी मिळालीय. भांडून घालवशील."

"भांडत नाहीये गं, सांगतोय." चपला अडकवून तो गेलासुद्धा.

"या तावात गेलाय, म्हणजे तार घेऊनच उतरणार खाली," वाटाणे सोलता सोलता सासूबाई, गोदाबाई, म्हणाल्या.

कल्पिता उठली. धास्ती वाटली की ती सर्वेशकडे जायची. आठ महिन्यांचा सर्वेश मोटरच्या पाळण्यात झोपला होता. तिने सवयीने त्याच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. मग उशाची वही उघडली. त्याची झोप, दूध, शी, सगळं ती त्यात टिपायची. देवेशला दाखवायला खरखरीच्या वेळाही तिने समोरच्याच पानावर लिहिल्या होत्या.

काल झोप दोन दहा ते तीन चाळीस. काल खरखर दोन पंधरा ते साडेतीन. परवाही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही.

अरे देवा! सर्वेश जागा असताना सेटजवळ बसायची सोयच नव्हती. सेट लागायचा तो झोपल्यावर, आणि मोहन्याला राहणाऱ्या आत्यांनी सोमवारी ही मोटर पाठवल्यापासून तो झोपायचा ती चालू असतानाच.

तिने बटण बंद केलं. पाळणा मंदावला, सर्वेशने ओठ हलवले. ती धावत सेटशी गेली. कानात स्वच्छ शांतता, आणि खूप आतून कोणाचा तरी बारीक आवाज.

दिपेशला फोन लावला तर तो टेबलावरच वाजला!

"आई, पाळण्याला हाताने झोके द्या जरा!" म्हणत ती अनवाणीच दोन मजले चढली. देवेश बनियनवर दारात उभा होता आणि दिपेशने बोलायला तोंड उघडलं होतं.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही हो," ती धापा टाकत म्हणाली, "उद्या पहाटेपासून आमची बडबड चालेल, म्हटलं आधी सांगून ठेवावं."

"अहो, आमची आई साडेचारला भजनं लावते. तुमचं कोण ऐकतंय!"

जिन्यात तिने दिपेशला सगळं सांगितलं. तो पायरीवर बसलाच. "म्हणजे आपलाच पाळणा? आणि मी त्याला काय काय सुनावणार होतो!"

"तोंड बंद ठेव आणि चल खाली."

खाली गोदाबाईंनी दोरी हातात घेतली होती. सर्वेश गाढ झोपला होता. "मला विचारलं का कोणी मोटर लावताना?" त्या कुजबुजल्या. "उद्या पहाटे मी बसते इथे. तू बोल तुझ्या माणसांशी."

कल्पिताने हेडफोन चढवले आणि आपलं नाव-ठिकाण सांगून हाक दिली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कोलंबोहून एका वयस्क माणसाचं उत्तर आलं. आवाज छान येतोय म्हणाला, नाव नीट विचारून घेतलं, आणि उद्या स्पर्धेत आहात ना, असं विचारलं.

"आहे," कल्पिता म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले होते. "अगदी पहिल्या मिनिटापासून आहे."